फेझंटच्या शिकारीसाठी पँट: अमेरिकेत पहिल्यांदा रानात उतरणाऱ्यांसाठी

मिनेसोटा, आयोवा, नेब्रास्का, डकोटा या भागात नोकरीसाठी येऊन राहिलात की कधी ना कधी ऑक्टोबरात ऑफिसातलं कुणीतरी विचारतंच, ‘‘शनिवारी फेझंटला येतोस का?’’ साउथ डकोटात फेझंटचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि त्या दिवसांत तिथल्या छोट्या गावांतली मोटेलं भरून जातात. फेझंट हा कोंबडीच्या कुळातला रानपक्षी, आणि तो मुळात तिथला नाहीच. १८८०च्या दशकात शांघायहून जहाजाने ऑरेगनला आणून सोडला, तिथून पुढे देशभर पसरवला. साउथ डकोटात १९१९ साली पहिला हंगाम झाला आणि १९४३ साली फेझंट राज्यपक्षीही झाला. आमची आई फोनवर अजून विचारते, ‘‘अरे, तिकडे कोंबडी विकत मिळत नाही का?’’

या शिकारीत मचाण नसतं, दबा धरून बसणं नसतं. कुत्र्यामागे दिवसभर चालायचं, पक्षी उठेल तिथे नेम धरायचा. पक्षी बसतो दाट जागी, त्यामुळे माणसालाही दाटातूनच जावं लागतं. दिवसाला आठ-दहा मैल सहज होतात आणि त्यातला बराचसा रस्ता वाट नसलेल्या रानातला असतो. परवाना काढलात की बंदूक मित्राची चालते, नारिंगी जॅकेट उसनं मिळतं, बूट ट्रेकिंगचे असतातच. पँट मात्र कुणी उसनी देत नाही. म्हणून हा लेख पँटपुरता.

त्याआधी कायद्याचं थोडं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तित्तर-लाव्यासकट रानपक्ष्यांची शिकार बंद आहे, तेव्हा इथे लिहिलेलं सगळं अमेरिकेतलं आणि परवानाधारकांसाठीचं. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर संघीय कायद्याप्रमाणे बंदूक हाताळायला एरवी मनाई असते आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. हा विषय मित्राच्या भरवशावर सोडू नका, वकिलाला विचारून घ्या. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही. बंदूक न घेता नुसतं सोबत चालण्याचे नियमही राज्यागणिक बदलतात, तेही आधी बघा.

पायरी १: नेणाऱ्याला विचारा, ‘आपण कशातून चालणार?’

बहुतेक नवखे आधी ब्रँड विचारतात. तो प्रश्न शेवटचा. नेवाडाच्या डोंगरात उत्तम ठरलेली पँट आयोवातल्या जंगली गुलाबाच्या जाळीत दोन तासांत पिंजून निघते, आणि आयोवातली जाड पँट घालून नेवाडाचा डोंगर चढायला लागलात तर अर्ध्यावर बसाल. त्यामुळे कुठला पक्षी, कुठलं राज्य, कुठला महिना हे कळल्याशिवाय पाकीट उघडू नका.

डकोटा आणि पश्चिम मिनेसोटातला फेझंट मुख्यतः उंच गवतात असतो. शेतकऱ्यांनी सरकारी योजनेखाली पडीक ठेवलेल्या जमिनी इकडे खूप आहेत. ही योजना १९८५च्या शेती कायद्यातली, लोक तिला नुसतं ‘सीआरपी’ म्हणतात. तिथे स्विचग्रास, बिग ब्लूस्टेम ही कमरेपासून डोक्यापर्यंत वाढणारी गवतं. काटा जवळजवळ नाही, पण काड्या कडक, आणि दिवसभर मांडीवर घासत राहतात. डिसेंबरात बर्फ पडलं की पक्षी पाणकणसाच्या दलदलीत शिरतात. पाणकणसालाही काटा नाही, मात्र खाली गोठलेला किंवा न गोठलेला चिखल आणि वर दाट ओली पाती. कॅन्ससमध्ये ज्वारीच्या पट्ट्यांच्या कडेने चालता. होय, आपलीच ज्वारी. तिकडे तिला ‘मायलो’ म्हणतात आणि ती कमरेएवढीच बुटकी असते. त्याच्या शेजारी रानटी प्लमच्या काटेरी जाळ्या, ज्यांत बॉबव्हाइट क्वेल लपतो. हा क्वेल म्हणजे आपल्या लाव्याएवढा चिमुकला पक्षी.

उत्तर मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये रफ्ड ग्राउज या तित्तरासारख्या रानपक्ष्याची शिकार जंगलातली. नव्याने वाढलेलं अ‍ॅस्पेनचं रान, ओल्या जागी अल्डर, मध्ये ब्लॅकबेरीचे वेल आणि हॉथॉर्न. दक्षिणेकडच्या राज्यांत ग्रीनब्रायर नावाची वेल आहे, तिचे काटे हिरव्या तारेला लावल्यासारखे असतात आणि ती तुटत नाही, आपल्यालाच मागे ओढते. अ‍ॅरिझोनात मेस्किट, कॅटक्लॉ आणि निवडुंग. मेस्किट म्हणजे आपल्याकडे माळरानं खाऊन टाकणाऱ्या वेड्या बाभळीची सख्खी भावंडं. वेडी बाभूळ आपल्याकडे आली ती अमेरिका खंडातूनच.

नेवाडा, आयडाहो आणि पूर्व ऑरेगनमधल्या चुकरचं सगळंच वेगळं. हा आपला चकोर, आपल्या उपखंडातूनच तिकडे नेऊन सोडलेला. तो उभ्या दगडी उतारांवर राहतो आणि माणूस दिसला की वर पळतो. तिथे झाडी खुरटी, पण चढण मोडून काढणारी.

पायरी २: काटा सरळ की आकडी?

कापड निवडण्याचं मर्म माझ्या मते एवढ्यातच आहे, आणि उत्पादनांच्या जाहिरातींत हे कुणी सांगत नाही. काटे दोन तऱ्हांचे. बोरीची फांदी हातात घेऊन पाहिली असेल तर दोन्ही एका जागी दिसतात: जोडीतला एक काटा सरळ, दुसरा मागे वळलेला.

वळलेला काटा आत घुसत नाही. तो कापडाचा धागा पकडतो आणि तुम्ही पुढे पाऊल टाकलंत की तो धागा ओढून काढतो. जंगली गुलाब, ब्लॅकबेरी, कॅटक्लॉ हे या जातीचे. यांच्यापुढे जाडी फारशी कामाची नाही. लागतं ते गुळगुळीत, घट्ट विणीचं, कडक कापड, ज्यात काट्याला पकडायला धागाच सापडू नये. म्हणूनच सैल विणीच्या जाड कापडापेक्षा पातळ पण घट्ट विणीचं नायलॉन इथे जास्त टिकतं. फ्लीस, लोकर, कॉर्डरॉय हे तर इथे आणूच नका. काटा सोडा, कॉकलबरची काटेरी बोंडं आणि सगळ्या रानाचं बी त्यावर चिकटून घरी येतं.

सरळ काटा भोसकतो. हॉथॉर्न, प्लम, निवडुंग. इथे मांडीच्या पुढच्या बाजूला दोन थर हवेत, आणि ते दोन थर एकमेकांना चिकटलेले नसले तर आणखी बरं, कारण मधल्या फटीत काट्याचं टोक अडतं. हनी लोकस्टच्या झाडाचे काटे मात्र बोटाएवढे लांब असतात आणि पँटीच्या कुठल्याही कापडाला जुमानत नाहीत. तिथून बाजूनं जायचं.

तिसरा त्रास कुसळांचा. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर फिरलेल्या माणसाला कुसळी गवत सांगायला नको. मोज्यात घुसलेलं कुसळ चालता चालता आत आत सरकतं. तेच गवत टेक्सास-अ‍ॅरिझोनात टँगलहेड या नावानं उगवतं, आणि पश्चिमेत चीटग्रास आहे. कुसळ मांडीला त्रास देत नाही, ते पँटीच्या खालच्या काठातून आणि बुटाच्या तोंडातून शिरतं. तेव्हा अशा रानात पँटीच्या कापडापेक्षा तिचा खालचा काठ आणि बुटावरचा गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं आवरण, महत्त्वाचा.

पायरी ३: कापड ओळखा

लेबलवर तीन-चार शब्द पुन्हा पुन्हा दिसतील.

कॉटन डक कॅनव्हास: कारहार्टसारख्या कामगारांच्या पँटी याच्या असतात. बांधकामावरचे लोक घालतात ती, गुडघ्यावर दुसरा थर शिवलेली. ‘१२ औंस’ लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं वजन. आपल्या हिशोबात चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम. कोरड्या दिवशी उत्तम, किमतीला परवडणारी, मजबूत. पण कापूस ओला झाला की जड होतो, गार पडतो आणि दिवसभर वाळत नाही. शून्याखाली तापमान असताना मांडीपर्यंत ओल्या कॅनव्हासमध्ये चालणं त्रासाचं आहेच, धोक्याचंही आहे. जीन्सबद्दलही हेच, उलट तिची वीण काट्यासाठी जास्त सैल.

मेण लावलेला कॅनव्हास: याला फिल्सन ही सिएटलची १८९७ सालची कंपनी टिन क्लॉथ म्हणते. पाणी आणि काटा दोन्हींना दाद देत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण नवी पँट घालून चालणं म्हणजे ताडपत्री गुंडाळून चालणं. हवा आत-बाहेर जात नाही, ऑक्टोबरच्या उन्हात आतून घाम, थंडीत कडक. वजन किलोभर किंवा जास्त. मशिनमध्ये धुता येत नाही. जुने शिकारी यावर जीव टाकतात. नवख्यानं पहिल्या वर्षी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नायलॉन आणि नायलॉन-मिश्रणं: इथे ‘डेनिअर’ हा आकडा येतो. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा, धागा जाड. ५०० डेनिअरचं कॉर्ड्युरा (मजबूत नायलॉनचं एक ब्रँडनाव) पँटीच्या पुढच्या भागाला भरपूर झालं. १,००० डेनिअरचं कापड बॅगांना शोभतं. पायावर ते कडक वाटतं आणि प्रत्येक पावलाला खसखस आवाज करतं. कुत्र्याला त्याचं काही नाही, पण हंगामाच्या शेवटी उरलेले नर फेझंट गाडीचं दार आपटलं तरी उडून जातात, त्यांना तुमची पँट दुरून ऐकू येते.

ताणणारी पँट: नायलॉनमध्ये थोडं स्पँडेक्स. हलकी, गुडघा उचलायला मोकळी, लवकर वाळणारी. चुकरच्या डोंगरासाठी हीच घ्यावी. गवताळ रानातही छान चालते. आकडी काट्याच्या जाळीत मात्र पृष्ठभागावर धागे ओढले जाऊन गोळे येतात, म्हणून मांडीवर वेगळा थर असलेली निवडा.

या सगळ्यातून ‘ब्रश पँट’ हा मधला प्रकार निघतो: मागून मऊ कापड, पुढून मांडीपासून घोट्यापर्यंत नायलॉनचा कडक थर. गवत आणि झुडूप दोन्ही लागणाऱ्या मिडवेस्टसाठी पहिली कायमची पँट म्हणून मी हीच सुचवतो. साधारण ६० ते ८० डॉलरपासून साधी मिळते, १०० ते २००च्या मध्ये चांगली. त्यावर खर्च करायचा तो दुसऱ्या वर्षी.

पायरी ४: पहिल्या वर्षी चॅप्स घ्या

चॅप्स म्हणजे पायांपुरतं वेगळं आवरण. पट्ट्याला अडकवायचं, पायाभोवती गुंडाळून चेन किंवा बटणं लावायची. पुढून, बाजूंनी आणि पोटऱ्यांना झाकतं, बसायची जागा उघडी राहते. आत तुमची जुनी ट्रेकिंगची पँट चालते.

नवख्याला हे का बरं? एक तर स्वस्त. दुसरं म्हणजे तुम्हाला अजून माहीतच नाही की तुमचा मित्र पुढच्या वेळी गवतात नेणार की जंगलात, आणि तुम्ही दुसऱ्यांदा जाणार की नाही. सकाळी गवतावर दव असताना घाला, दुपारी ऊन चढलं की काढून गाडीत टाका. गाडीची सीट चिखलानं भरत नाही, रस्त्यात पेट्रोल पंपावर कॉफीला उतरलात तर माणसासारखे दिसता. आणि माप: चॅप्स थोड्या मोठ्या-लहान असल्या तरी खपून जातं, पँट खपत नाही.

तोटा असा की मांडीचा आतला भाग आणि मागची बाजू उघडी, त्यामुळे तारेच्या कुंपणावरून जाताना जपावं लागतं. ढिल्या चॅप्स चालताना खाली घसरतात, तेव्हा पट्टा रुंद आणि कडक वापरा. फडफडणारा खालचा काठ फांदीत अडकतो. पावसाच्या दिवसासाठी घेणार असाल तर पूर्ण नायलॉनच्या घ्या, कापडी नको.

पायरी ५: दुकानात पँट उलटी करा

शील्स, फ्लीट फार्म, रनिंग्ज अशी दुकानं या भागात आहेत, तिथे जाऊन हात लावून बघा. ऑनलाइन फोटोत शिवण दिसत नाही.

त्याआधी जमलं तर मित्राची दोन-तीन हंगाम वापरलेली पँट नीट निरखा. ती कुठे झिजलीय ते बघितलं की दुकानात काय तपासायचं ते आपोआप कळतं. मांडीच्या पुढच्या बाजूला कापडाला बारीक लव आलेली असते, हे गवताचं काम. गुडघ्याखाली नडगीवर आडवे ओरखडे, काड्यांचे आणि तारांचे. आतल्या बाजूला घोट्याजवळ मात्र चक्क भोक असतं, आणि ते रानानं पाडलेलं नसतं. चालताना एका बुटाचा लेस अडकवायचा हूक दुसऱ्या पायाच्या काठावर रोज हजारो वेळा घासतो, त्यानं ते पडतं. मागच्या खिशाचे कोपरे उसवलेले असतात. आणि सर्वात वाईट, आसनाची शिवण, जिथे दोन्ही पायांचे कापड एकत्र येतात, ती सुटलेली असते. कापड शाबूत, शिवण गेलेली, म्हणून पँट फेकलेली, हे नेहमीचं चित्र.

म्हणून दुकानात पँट उलटी करून आधी आसन बघा. चार शिवणी एका बिंदूत मिळत असतील तर सगळा ताण त्या एका टोकावर येतो. त्याजागी वेगळा चौकोनी किंवा चाफेकळीच्या आकाराचा तुकडा जोडलेला असला तर ताण वाटला जातो आणि पाय वर उचलताना पँट खेचली जात नाही. शिवण तिहेरी आहे का? खिशाच्या टोकांवर आणि चेनच्या खाली आडवे घट्ट टाके आहेत का?

मग पुढचा कडक थर. तो बाजूच्या मुख्य शिवणीत घेतलाय की नुसता वर ठेवून कडेनं टाका मारलाय? नुसता वर शिवलेला असेल तर काट्याला ती कड सापडते आणि थर सोलला जातो. थर खाली कुठपर्यंत येतो? गुडघ्याखाली चार बोटं येऊन थांबणारे थर मला पटत नाहीत. नडगीला खरं संरक्षण हवं असतं. आणि दोन थरांच्या मध्ये खालून उघडी फट आहे का तेही बघा. पूर्ण बंद असेल तर आत शिरलेलं पाणी आणि गवताचा भुसा तिथेच अडकून राहतो.

खालच्या काठाच्या आतल्या बाजूला जाड तुकडा लावलेला असेल तर घ्यायला हरकत नाही. दुमडलेला काठ मात्र नको, त्यात दिवसभराचं बी साठतं. मागच्या खिशांना झाकण किंवा बटण हवंच, नाहीतर संध्याकाळी खिशातून मूठभर गवत निघतं. पुढच्या खिशात काय ठेवणार याची फार चिंता करू नका; काडतुसं जॅकेटच्या खिशात असतात, आणि जॅकेटचा कमरपट्टा तसाही पँटीचे वरचे खिसे दाबून टाकतो. चेन धातूची, मोठ्या दातांची.

पायरी ६: घालून, वाकून, पाय उचलून

आरशासमोर उभं राहून पँट कळत नाही. आत थंडीतली लांब चड्डी घालूनच बघा, नाहीतर डिसेंबरात बटण लागणार नाही. मग उकिडवे बसा, गावाकडे बसतो तसे पूर्ण. गुडघ्यावर कापड ताणून मागून कंबर खाली ओढली जात असेल तर ती पँट परत टांगा. पुढे एक गुडघा कमरेएवढा वर उचला. तारेच्या कुंपणावर एवढाच पाय उचलावा लागतो. (कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी आणि उघडी करून आधी पलीकडे द्यायची, हे पँटीच्या लेखातही लिहायलाच हवं.)

आपल्या लोकांची खरी अडचण लांबीची. इकडच्या बऱ्याच पँटी ३० इंच लांबीपासून सुरू होतात आणि आपल्यापैकी कित्येकांना २८-२९ पुरते. घरी टेलरकडे खालून कापून घेतली की झालं, असं वाटतं. पण गुडघ्याला वळण देऊन शिवलेल्या पँटीत मग गुडघ्याचा फुगवटा नडगीवर येतो, पायाची चेन असेल तर ती कापली जाते आणि काठाचा मजबूत तुकडाही जातो. तेव्हा ‘शॉर्ट’ लांबी मिळते का ते आधी शोधा, आणि तसं नसेल तर साध्या सरळ पायाची, बिनचेनची पँट घेऊन मगच कापा. लांबी किती ठेवायची? बूट घालून मोजा. काठ बुटाच्या गळ्यावर चार बोटं तरी उतरला पाहिजे, टाचेखाली जाता कामा नये. पँट बुटात खोचू नका. खोचली की पाणी आणि कुसळं दोन्ही बुटात उतरतात.

बायकांसाठी वेगळ्या मापाच्या पँटी आता मिळतात, पर्याय थोडे. पुरुषांची लहान मापाची पँट कमरेला ढिली आणि नितंबांवर घट्ट बसते, त्यापेक्षा चॅप्स आणि आपली नेहमीची पँट बरी.

रंगाची चिंता सोडा. फेझंटला झाडोऱ्याच्या छापाची फसवाफसवी लागत नाही. सोबतच्या शिकाऱ्यांना तुम्ही दिसणं महत्त्वाचं आणि ते काम कमरेवरच्या नारिंगीचं आहे. मिनेसोटात छोट्या शिकारीसाठी कमरेवर एक तरी झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा लागतो, आयोवात टोपी, जॅकेट अशा एका तरी कपड्याचा निम्मा भाग नारिंगी असावा लागतो. पँट पिवळट-तपकिरी असली की गोचीड चढताना दिसते, एवढाच रंगाचा उपयोग. आणि कुठलीही पँट छऱ्यांपासून वाचवत नाही, हे कुणी गमतीनंही उलट सांगितलं तर ऐकू नका.

पायरी ७: ओल, थंडी, गोचिडी

साउथ डकोटात फेझंटवर सकाळी १० च्या आधी गोळी झाडता येत नाही, त्यामुळे तिथे निदान दव थोडं उतरलेलं असतं. इतरत्र पहाटेचं गवत मांडीपर्यंत भिजवतं. अशा वेळी आतून पूर्ण जलरोधक पडदा असलेली महागडी पँट घ्यावीशी वाटते. घेऊ नका. पहिल्या काट्यानं त्या पडद्याला भोक पडतं, आणि भोक पडेपर्यंत तुम्ही आतून घामानं भिजलेले असता. पाणी थोपवणारा लेप असलेलं नायलॉन, वर गरज पडली तर चॅप्स आणि गाडीत कोरड्या मोज्यांचा जोड, एवढं पुरतं.

त्याच रानात ऑक्टोबरची दुपार २५ अंशांची असू शकते आणि डिसेंबरची सकाळ उणे १५ची. अस्तर लावलेली गरम पँट म्हणून घेऊ नका, तिचा उपयोग वर्षातून दोनदा होतो. पातळ पँट आणि आत मेरिनो लोकरीची चड्डी हे दोन्ही टोकांना चालतं.

ग्राउजच्या जंगलात लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरातही हिंडत असतात. ०.५ टक्के परमेथ्रिनचा कपड्यांवर मारायचा फवारा मिळतो. पँट बाहेर टांगून मारा, पूर्ण वाळू द्या, मगच घाला. अंगावर मारायचा नाही. घरात मांजर असेल तर वाळेपर्यंत पँट तिच्यापासून लांब ठेवा, ओलं परमेथ्रिन मांजरांना विषारी असतं.

घरी आल्यावर

गराजमध्येच पँट झटका आणि जुन्या कंगव्यानं बोंडं काढा. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर हे जास्तच नीट करा, एका रानातलं तण दुसऱ्या रानात नेणं चांगलं नव्हे. चेन लावून, उलटी करून गार पाण्यात धुवा. मऊपणाचं द्रावण घालू नका, त्यानं पाणी थोपवणारा लेप निकामी होतो. उलट ड्रायरच्या मंद आचेनं तो लेप पुन्हा थोडा जागा होतो. मेणाची पँट फक्त गार पाणी आणि ब्रशनं पुसायची, हंगामाअखेर मेण चोळून केस वाळवायच्या मशिननं वितळवून जिरवायचं.

शिवण सुटलेली दिसली की त्याच आठवड्यात शिवा. कापसाचा दोरा वापरू नका, ओलीनं कुजतो. पॉलिस्टरचा जाड दोरा आणि जीन्सची १६ नंबरची सुई घरच्या मशिनलाही लागते. घोट्याजवळच्या त्या भोकासाठी आधीपासूनच आतून कॉर्ड्युराचं ठिगळ लावून ठेवलंत तर आणखी चांगलं, आणि बुटाचे सर्वात वरचे हूक लेसनं झाकले जातील अशी गाठ मारा. कायमची पँट घ्यायची तर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. हंगाम संपता संपता दुकानं किमती पाडतात, फक्त २८-३० लांबी तोवर शिल्लक आहे का ते आधी फोन करून विचारा.